थोडे दिवस आराम

४ मार्च
आज काजवालीला घरी पाठवलं. मी सांभाळते त्या शिलाईखात्यात शर्टांना काज करते ती. तिला दिवस गेलेत. मशीनच्या आवाजात कानाशी येऊन पहिल्यांदा मलाच सांगितलं तिने. आणि मी शहाणी, मालकांना सांगून मोकळी!

मालक म्हणाले, "काढलं म्हटलं तर कायदा मानगुटीवर बसेल. तुम्हीच काहीतरी गोड बोला, बाई." गोड शब्द माझाच. "आराम कर गं थोडे दिवस." तिने माझे हात धरले. "ताई, तुम्ही अगदी आईसारख्या."

९ मार्च
तिच्या जागी नवी मुलगी. काज वेडेवाकडे. दिवसभर उसवत बसले.

१७ एप्रिल
काजवाली दाराशी आली होती. "झाला आराम, ताई. कधीपासून येऊ?" मी कापडाच्या ताग्यात डोकं खुपसलं. मालक आतूनच म्हणाले, "जागा भरली." ओरडली असती तर बरं वाटलं असतं. नुसती बघत राहिली — माझ्याकडे.

२ जून
कामगार अधिकाऱ्यांपुढे सुनावणी. तिने तक्रार केलीय, गरोदर म्हणून काढलं. खरं तेच! पण लेखी काही नाही तिच्याकडे. मग मला विचारलं. मालक शेजारीच.

मी म्हटलं, "आपणहून घरी राहिली ती. आराम करते म्हणाली."

"मग तसं लिहून का नाही घेतलंत?"

"अहो, आराम काय कुणी लिहून देतं?"

मालक खो खो हसले. अधिकारीबाईंनाही हसू आलं. ती पोट सांभाळत उठली. माझ्या जिभेला काही हाड!

३ जून
लाज वाटते. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, म्हणतात ना — तो दांडा मी. लेकीचा फोन आला, घेतला नाही.

११ जून
पुरावा नाही म्हणून तक्रार फेटाळली. "बाई, वाचवलंत!" मालक सगळ्यांसमोर म्हणाले. दुपारी डबा खायला मला कुणी हाक मारली नाही. मारावी तरी का?

२० जून
लेक आली. दारातूनच ओरडली, "आई, मला दिवस गेलेत! आणि आमचे साहेब इतके चांगले, कळल्याबरोबर म्हणाले, थोडे दिवस आराम करा."

तिला जवळ घ्यायचं सोडून मी विचारलं, "लिहून घेतलंस?"

ती हसतच सुटली. "काहीतरीच तुझं! आराम काय कुणी लिहून देतं?"