सहा नंबरच्या आजीची चिठ्ठी

३ ऑगस्ट, रविवार

सहा नंबर बेडवर नवीन पेशंट. शिवम्मा, उदगीरची, वय अडुसष्ट. आतड्यात गाठ, परवा पोटाचं ऑपरेशन. आल्या आल्या मलाच विचारते, "तू मोठी सिस्टर हायस का धाकटी?" म्हटलं, आजी, इथली सगळ्यात मोठी कटकट मीच! तर कवळी काढून माझ्या हातात दिली. "हे धर. हसताना लई हलायलंय." असल्या म्हाताऱ्या आवडतात मला, काय करू.

सोबत मुलगा, मृत्युंजय. कापडाचं दुकान आहे म्हणे. सारखा फोनवर.

४ ऑगस्ट, सोमवार

आज भांडण! ऑपरेशनला जाताना गळ्यात काही नको — मंगळसूत्र, ताईत, काळा दोरा, सगळं उतरवायचं. नऊ वर्षांत मी कुणाचं ऐकलेलं नाही. आजीच्या गळ्यात चांदीची डबी, आत इष्टलिंग. लिंगायत माणूस ते अंगावेगळं करत नाही, हे मला ठाऊक होतं. पण आत विजेच्या सुरीनं कापतात, अंगावर धातू असला तर भाजतं. समजावून समजावून घसा बसला.

"जीव काढून घे. लिंग न्हाई."

मृत्युंजय म्हणाला, आई, माझ्याकडे दे. "तुझ्याकडं? फोन आला की कुठंबी ठिवशील. भुईला टेकलं तर पाण्याचा थेंब घेणार न्हाई मी."

शेवटी तोड तिनंच काढली. "सिस्टर, तुझ्या गळ्यात घाल. मी शुद्धीवर येईस्तोवर."

मी! मी उमरीकडची, आमच्यात हे काहीच नाही. म्हणाली, मटण खातीस का? म्हटलं, श्रावण चालू आहे आजी. "मग चालतंय. भाद्रपदात तुझं तू बघ."

संध्याकाळी मुलाला औषधाला पिटाळलं आणि मला जवळ बसवलं. उशीखालून चिठ्ठी काढली. वहीच्या पानाचा तुकडा, त्यावर मोबाईल नंबर, बाकी काही नाही. लातूरला मुलगी आहे, मंजुश्री. बारा वर्षांपूर्वी जातीबाहेर लग्न केलं. आजीच्या नवऱ्यानं, संगप्पांनी, घरात शपथ घातली — तिचं नाव काढायचं नाही. ते वारले, शपथ राहिली.

"गाठ निघाली तर मी आपल्या पायानं तिच्या दारात जाईन, दिवाळीला. आजारी हाय म्हणून बोलावलं असं नको. पर न्हाई निघाली तर तू ह्या नंबरवर फोन कर. मृत्युंजय करणार न्हाई. तू करशील?"

हो म्हणाले. त्यात काय, एक फोन तर करायचा.

५ ऑगस्ट, मंगळवार

आठला लिंग गळ्यात घातलं, युनिफॉर्मच्या आत. डॉक्टर तीन तास लागतील म्हणाले होते. आजी आत गेली नऊला.

दहाला दहा कमी असताना स्ट्रेचर बाहेर!

एवढ्या लवकर चांगलं काही बाहेर येत नाही. पोट उघडलं, बघितलं, तुकडा तपासायला काढला, परत शिवलं. यकृतावर, पोटाच्या पडद्यावर, सगळीकडे पसरलेलं. मृत्युंजय भिंतीला टेकून उभा होता. डॉक्टर गेल्यावर माझ्यापुढे हात जोडले त्यानं. "आईला सांगू नका. गाठ काढली म्हणा. तिनं हाय खाल्ली तर आठ दिवस काढणार नाही." डॉक्टरांनीही बजावलं — सिस्टर, नातेवाईक म्हणतील तेवढंच बोलायचं.

आजीनं डोळे उघडले तेव्हा सव्वाअकरा. पहिला प्रश्न काय? "किती वाजले?"

तीन तासांचं तिनंही ऐकलं होतं ना! भिंतीवर घड्याळ, पण तिचा चष्मा माझ्या ट्रेमध्ये. मी म्हटलं, दोन वाजून गेले आजी. चष्मा दिलाच नाही, दोन वाजेपर्यंत.

"गाठ?"

निघाली, म्हटलं. निघाली आजी, सगळी निघाली. तिचं लिंग माझ्या गळ्यात होतं तेव्हा! छातीवर गार लागत होतं. मग काढून तिच्या मुठीत दिलं. तिनं ते कपाळाला लावलं आणि रडली. मला म्हणाली, तुझं कल्याण होऊ दे.

डबा तसाच घरी आणला. वैजनाथ विचारत होते, जेवली का नाहीस? म्हटलं, पोट बिघडलंय. अहोंना काय सांगू.

६ ऑगस्ट

चिठ्ठी याच वहीत ठेवली आहे. फोन केला नाही.

८ ऑगस्ट, शुक्रवार

आजीला उठवून बसवलं. खोकताना पोटाला उशी धरायची, शिकवलं. श्वास ओढायच्या नळीतले दोन गोळे वर गेले. "आजी, वारा सरला का?" विचारलं तर केवढी लाजली! "अगं बाई, असं कुणी कुणाला विचारतं का?" म्हटलं, आमच्याकडे तीच मोठी खुशखबर. दुपारी स्वतःच हाक मारून सांगितलं — "सरला गं! सांग तुझ्या डॉक्टरला!" सगळा वॉर्ड हसला. मीही हसले. मग स्टोअरमध्ये जाऊन रडले.

नंतर वॉर्डात पावलं मोजत चालली. बारा पावलं. "लातूरच्या स्टँडवरून तिचं घर लांब हाय म्हणं. तयारी करायलेय."

मृत्युंजयला गाठलं. म्हटलं, निदान बहिणीला तरी बोलवा. म्हणाला, "अचानक आली तर आईला कळणार नाही का, कशासाठी आली ते?"

खरंच कळेल. हेच तर आहे. मंजुश्री दारात दिसली की म्हातारीला सगळं कळणार. एक फोन, आणि माझं खोटं उघडं. मी भित्री आहे, दुसरं काही नाही.

११ ऑगस्ट, सोमवार

अर्धे टाके काढले. पोट फुगतंय. आजी म्हणते वरणाचा गॅस. मी म्हणते, हो, गॅस.

१४ ऑगस्ट, गुरुवार

आजी घरी गेली. जाताना वॉर्डातल्या कावेरीबाई मावशींना वीस रुपये दिले. माझा हात धरून लिंगावर ठेवला. "तू होतीस म्हणून वाचले. दिवाळीला लातूरला जाताना मंजुश्रीला सांगीन, अशी एक पोर हाय नांदेडला." चिठ्ठी परत मागेल अशी भीती होती. मागितली नाही. "ते फाडून टाक आता," म्हणाली.

फाडली नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

नंबर लावला. रिंग जायच्या आत कट केला. काय सांगणार? तुझी आई मरतेय, आणि तिला मी सांगितलंय की बरी आहेस?

उद्या करते.

२ सप्टेंबर

नाही केला.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

मृत्युंजय आला होता, विम्यासाठी कागद न्यायला. त्याला बघितलं आणि समजले. आजी सोमवारी गेली. तळहातावर लिंग ठेवून बसवलं आणि माती दिली म्हणाला, आमच्या रितीप्रमाणे. शेवटी पाणीही उतरत नव्हतं. "पण सारखी म्हणायची, सिस्टरनं सांगितलंय गाठ निघाली म्हणून. हे टाक्याचं दुखणं असेल. दिवाळीपर्यंत थांबेल."

बहिणीला कळवलं का? मान हलवली. नाही. मग तिथेच बाकावर बसून रडला, गिऱ्हाइकांशी बोलणारा एवढा मोठा माणूस. त्याला काय बोलू? मी कुठली शहाणी.

ते लिंग मी गळ्यात घालून खोटं बोलले. आता ते मातीत गेलं.

२० सप्टेंबर, शनिवार

दुपारी नंबर लावला. दुसऱ्याच रिंगला उचलला. म्हटलं, मी नांदेडहून राजकन्या सिस्टर.

ती हसलीच! "अगबाई, सिस्टर तुम्ही! तुमच्या फोनची लई धास्ती होती मला. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आईचा फोन आला होता, तिथल्या मावशीच्या मोबाईलवरून. बारा वर्षांनी! म्हणाली, सिस्टरचा फोन आला तर तशीच निघून ये. न्हाई आला तर समज मी बरी झाले, दिवाळीला येते. दादाच्या घरी फोन करायची मला सोय नाही, म्हणून नुसती वाट बघत होते. पंधरा दिवस मोबाईल हातातून सोडला नाही. फोन आला नाही, आला नाही — मग पेढे वाटले हो सिस्टर, अख्ख्या गल्लीत! आईला इरकल लुगडं आणून ठेवलंय. बोला ना. काय निरोप दिलाय आईनं?"