मास्कमागचा मामा

४ मार्च

ती. दादास, सा. न. वि. वि.

तुझ्याशी कट्टी घ्यायचं ठरवलंय, पण आधी कारण कळवते. भिंगरीच्या पाचव्या वाढदिवसाला तू ड्यूटीवरून थेट आलास आणि आगीच्या बंबावरचा सगळा पोशाख, वर तो श्वासाचा मास्क चढवून, घंटा वाजवून दारात उभा राहिलास. ती कपाटात शिरून बसली, आपण पोट धरून हसलो.

काल शाळेत आग लागली तर काय करायचं, याचा सराव होता. घंटा वाजताच सगळी मुलं रांगेत आणि आपल्या बाईसाहेब खेळण्यांच्या कपाटात. सापडायला दहा मिनिटं लागली. म्हणाली, घंटा वाजली की राक्षस येतो. तो राक्षस तिचा सख्खा मामा आहे, हे तिला पटत नाही. मी रोज समजावते, की आपल्याकडे आग लागणारच नाही, घाबरू नकोस. काही उपयोग नाही. आता तूच निस्तर.

वहिनीला नमस्कार. रागावलेली, तरी तुझीच,
ठमी

९ मार्च

चि. सौ. ठमीस, अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. धुरात लहान मुलं बऱ्याचदा पळत नाहीत, लपतात. आम्ही मास्कमधून हाका मारतो, तो घोगरा आवाज ऐकून आणखी आत सरकतात. हे मला पक्कं ठाऊक, आणि मीच भाचीला लपायला शिकवून आलो. माझ्यासारखा गाढव मीच.

सोबत मोडीत काढलेला मास्क पाठवतोय. तो चार दिवस घरात नुसता लोळू दे. मग मेहुण्यांना तिच्यादेखत, सावकाश लावायला सांग. एरवीही त्यांचं बोलणं कुणाला कळत नाही, तेव्हा फार फरक पडायचा नाही. शेवटी तिला लावू दे.

आणि आग लागणारच नाही, असं सांगू नकोस. पोरांना थाप कळते. तुलाही भीती वाटत असेल तर ते खरं सांग, आणि मग काय करायचं तेही सांग. जिन्यात धूर असेल तर दार लावून खिडकीशी बसायचं. मास्कवाला आला की लपायचं नाही, हाक मारायची.

चुकलेल्या मामाला पदरात घ्या,
दादा

२ एप्रिल

ती. दादास, सा. न. वि. वि.

आधी सांगते, आम्ही सुखरूप आहोत. आमच्या ह्यांनी आठवडाभर मास्क लावून भाजी निवडली, इस्त्री केली. भिंगरी तर तो लावून बाहुल्यांना हाका मारत फिरायची.

काल खालच्या मजल्यावर वॉशिंग मशीन जळालं आणि जिना धुराने भरला. घरात आम्ही दोघीच. दार लावलं, फटीत ओला टॉवेल कोंबला, फोन केला. मला खूप भीती वाटतेय, असं तिला सांगूनच टाकलं. ती म्हणाली, मलाही वाटतेय, चल खिडकीशी बसू.

मास्कवाला आत आला तेव्हा मीच दचकून मागे सरकले. भिंगरी उठून उभी राहिली आणि ओरडली, की आम्ही इथे आहोत, दोघीजणी. वर त्याला विचारलं, मास्कच्या आत कोण आहे. त्या भल्या माणसाने काचेवर टॉर्च धरून चेहरा दाखवला. मग मी जी रडले ती खाली पोचेपर्यंत.

कट्टी सुटली. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
ठमी

८ एप्रिल

चि. सौ. ठमीस, अनेक आशीर्वाद.

पत्र अग्निशमन केंद्रावर मोठ्याने वाचलं. शेवट मात्र दुसऱ्या कुणाला तरी वाचायला दिला.

भीती वाटते, हे पाच वर्षांच्या पोरीला म्हणता आलं. मला पंचवीस वर्षांत घरी म्हणता आलं नाही. काल जेवताना तुझ्या वहिनीला सांगून टाकलं, की शिडी चढताना दर वेळी माझे पाय लटपटतात. ती शांतपणे म्हणाली, ठाऊक आहे, तुम्ही झोपेत हाका मारता. मी विचारलं, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस.

म्हणाली, तुम्ही घाबराल म्हणून.

भिंगरीला गोड पापा. आम्हा दोघांवर अशीच माया राहू दे,
दादा