विसावा बॉल

प्रिय छोटे,

भिंगरी बरी आहे, हे आधी. काल डोकं दुखलं नाही, खाल्लेलं पोटात राहिलं, आणि आज सकाळी आरशासमोर उभी राहून कपाळावरच्या टेंगळाला नावं ठेवत होती. स्कॅनमध्ये काही निघालं नाही, पण डॉक्टरीणबाईंनी तीन आठवडे मैदान आणि मोबाइल दोन्ही बंद केलेत. मैदानाचं तिने मुकाट्याने ऐकलं, मोबाइलवरून मात्र माझ्याशी भांडली. फोनवर तू म्हणालीस, ताई, तू जवळ होतीस म्हणून निभावलं. तेव्हापासून मी हे पत्र टाळतेय.

आत्ता हॉलमागच्या खोलीत बसलेय, व्हॉलीबॉलच्या जाळ्यांमध्ये. बाहेर मुली माझ्याशिवाय सराव करताहेत. आपल्या सरांचा ‘एकवीस’ तू विसरली नसशील. मैदानात एकटी मुलगी, समोरून एकामागून एक बॉल, सलग एकवीस उचलायचे, एक पडला की पुन्हा एकपासून. मी तो आणखी कडक केलाय. मी जाळीपलीकडे टेबलावर उभी राहून मारते, बाकीच्या मुली कडेने मोठ्याने मोजतात, आणि बॉल पडला की शिक्षा म्हणून सगळ्या जणी हॉलला फेरी मारून पळतात. त्यामुळे मैदानातली मुलगी नुसती बॉलला घाबरत नाही, मैत्रिणींनाही घाबरते. हे मला ठाऊक होतं. म्हणूनच तसं केलं होतं.

तू चौदाव्या वर्षी त्याच ‘एकवीस’च्या मधोमध खाली बसलीस, गुडघ्यांवरच्या पट्ट्या काढून सरांच्या हातात दिल्यास आणि घरी गेलीस. मी पूर्ण केले. पुढे कितीतरी वर्षं ही गोष्ट मी मुलींना हसत हसत सांगत आले, तुझं नाव न घेता. भिंगरीला कधीच कळलं असणार की ती मुलगी तिची आई आहे.

फायनल नऊ दिवसांवर आली होती. गेल्या वर्षी शेवटच्या सेटमधला शेवटचा बॉल भिंगरीच्या पुढ्यात पडला. तिला कुणी काही बोललं नाही, मी तर मुळीच नाही. पण गुरुवारी ‘एकवीस’साठी पहिल्यांदा तिलाच बोलावलं. दोनदा सातवर पडला, एकदा अकरावर. मुली पळून पळून लाल झाल्या होत्या. चौथ्या वेळी ती अशी काही खेळायला लागली की माझ्याच अंगावर काटा आला. पंधरा, सोळा. मी कोपरे शोधत होते आणि ती माझ्याआधी तिथे पोचत होती. एकोणिसावा मी मुद्दाम लांब मारला, बाकाच्या दिशेने. तिने झेप घेतली, बॉल उचलला आणि बाकाच्या पायावर आपटली. तो आवाज मी ऐकला, छोटे. ती उठली, जरा झुलली, हात जोडून तयार झाली. माझ्या हातात पुढचा बॉल होता.

मी तो मारला.

तिने तोही उचलला, अगदी सुंदर. आणि मला आनंद झाला. हे वाक्य लिहायलाच मला दोन दिवस लागले. कुणीही ‘वीस’ म्हणालं नाही. मी एकविसावा हातात घेतला, तेवढ्यात आमची कॅप्टन (उंचीवरून तिला सगळ्या शिडी म्हणतात) मैदानात येऊन आमच्या दोघींच्या मध्ये उभी राहिली. कधी वर मान करून न बोलणारी ती पोरगी. म्हणाली, “मॅडम, ती कुठे बघतेय ते बघा.” मी पाहिलं. भिंगरी गुडघे वाकवून, हात पुढे धरून, मागच्या भिंतीकडे तोंड करून उभी होती. बॉलची वाट बघत.

जिन्यावरून घसरली असं तुला सांगितलंय ना, ते खोटं आहे. दवाखान्यात कसं लागलं म्हणून विचारल्यावर मी तोंड उघडायच्या आत ती जिना म्हणाली, आणि मी गप्प बसले. घरी येऊन तुला फोनवरही तिनेच तेच सांगितलं, मी शेजारी उभी होते. आज सकाळी मी डॉक्टरीणबाईंना खरं सांगितलं, मुख्याध्यापकांना लिहून दिलं. फायनलला मी मैदानात नसेन. काल भिंगरीला विचारलं, का गं खोटं बोललीस, मी टीममधून काढेन म्हणून? ती म्हणाली, “नाही मावशी. आई परत तुझ्याशी बोलायची बंद होईल म्हणून.” तिच्यावर हे ओझं मला ठेवायचं नाही. तिला घेऊन जायचं असेल तर ये. तुला मला जे बोलायचं असेल ते बोल, किंवा काहीच बोलू नकोस. पण हे वाचलंस की लगेच माझ्या फोनवर तिच्याशी बोल आणि तिला सांग, की आईला सगळं कळलंय आणि तिच्यावर कुणीही रागावलेलं नाही.

तुझीच,
ताई