डाव्या पायाच्या चिंध्या

बिंगा, १४ मे

प्रिय तौराईदादा,

तुला, वहिनीला आणि पोरींना नमस्कार. मी बरा आहे. वहिनीने पाठवलेलं शेंगदाण्याचं लोणी कॅम्पवाल्यांनी पहिल्याच दिवशी चाटूनपुसून संपवलं. माझ्या वाट्याला बरणी आली.

रायफल घेतली. बुलावायोहून, चारशे सोळा कॅलिबरची, नवीकोरी. खांदा काळानिळा झालाय. नव्या नळीचं तुला ठाऊकच आहे, एक गोळी झाडायची, नळी पुसायची, परत एक झाडायची, परत पुसायची. त्यासाठीच तर तू चिंध्या कापून पाठवल्यास. पिशवी उघडली तर सगळ्या खाकी. वर तुझी चिठ्ठी: "माझ्या पँटींचा डावा पाय फुकटच जातो, वापर. आणि या वेळी तूच पूस. माझ्यासारख्या आळशावर सोडू नकोस."

असले विनोद करत जाऊ नकोस रे. संताप येतो मला.

वीस गोळ्या छान गेल्या. सावकाश, रायफल टेकवून, प्रत्येकीमागे तुझी एक चिंधी. मग आमचे मोठे शिकारी सिबांडाकाका म्हणाले, "पुरे झाले लाड. आता रेडा येऊ दे." त्यांनी चाकांच्या पाटावर पुठ्ठ्याचा रानरेडा उभा केला आणि उतारावरून माझ्या अंगावर सोडला. पहिली गोळी लागली. रिकामं काडतूस बाहेर फेकायला बोल्ट ओढला, ढकलला, चाप दाबला. नुसतंच खट्.

"हीसुद्धा अडकते!" मी ओरडलो.

काकांनी उघडून पाहिलं. रिकामं काडतूस आतच होतं. "बंदुकीला काय धाड भरलीय? तू बोल्ट अर्धाच ओढतोस. घाबरलास की हात आखडतो तुझा."

तीनदा करून पाहिलं. तीनदा खट्. तीन वर्षांपूर्वी तू रेड्याच्या शिंगांखाली होतास तेव्हा आला होता, तोच आवाज.

तेव्हा कॅम्पच्या मालकाला मी सांगितलं होतं, रायफलीत रेती अडकली म्हणून. पुसायचं काम तुझं, हेही त्याने विचारलं नसताना मीच सांगितलं. चूक माझी होती हे मला तेव्हा माहीत नव्हतं, असं लिहायला बसलो होतो. खोटं आहे ते. त्याच संध्याकाळी मी ती उघडून पाहिली होती. आत रेतीचा कणही नव्हता.

पुढे तू कुबडी घेऊन कॅम्पाकॅम्पात फिरलास, बसल्या जागी बंदुका पुसायचं काम मागत. ते तुला कुणी दिलं नाही. माझ्यामुळे.

आणि इस्पितळात शुद्धीवर आल्या आल्या माझा हात धरून रडलास. "गारी, माझ्या आळसापायी तू मेला असतास." मी काय म्हणालो आठवतंय? "जाऊ दे दादा, माफ केलं."

आज काकांना सगळं सांगितलं. त्यांनी माझ्या हातातली रायफल काढून घेतली. उद्या मालकाकडे जातो.

उरलेल्या चिंध्या परत पाठवतोय. उत्तर लिही किंवा लिहू नकोस. पण माफ केलं असं मात्र लिहू नकोस. ते म्हणायला काही लागत नाही, मी म्हणून पाहिलंय.

तुझा धाकटा,
गारिकाई