दिडाचे पंधरा

आई, तुला नमस्कार आणि बाबांना वेगळा, नाहीतर रुसतील.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. पण काल जे पाहिलं, ते तुला सांगायलाच हवं.

थेंबाथेंबाने औषध सोडणाऱ्या यंत्राचा आकडे टाकायचा पडदा, म्हणजे स्क्रीन, मी बनवला, ऑफिसात सगळ्यांनी वाखाणला. काल तो एका मुरलेल्या नर्सबाईंना वापरायला दिला. पलंगावर रबरी पुतळा होता आणि आम्ही काचेआडून बघत होतो. बाईंनी दीड मिली, म्हणजे १.५, टाकलं, पण मधलं टिंब उमटलंच नाही. यंत्राने पंधरा धरले. माझं टिंब इतकं नाजूक की ते नाही हे त्यांना कळलंच नाही.

घंटा वाजली. पुतळा ‘गेला’. बाईंनी झटकन यंत्र बंद केलं.

“माझ्या हातून माणूस गेला असता हो!”

आमच्या मॅडम म्हणाल्या, “चूक तुमची नाही, पडद्याची आहे. म्हणून तर आधी पुतळा.”

आज तो पडदा मोडीत काढला. बाईंना शेजारी बसवून नवा करतेय. आता यंत्र आधी ‘दीड’ असं अक्षरात विचारतं, मगच औषध सोडतं.

ऑपरेशननंतर बाबांच्या उशाशीही असंच यंत्र असेल. घाबरू नकोस. फक्त नर्सने आकडा टाकला की तिला तो मोठ्याने वाचायला सांग. चिडली तर चिडू दे.

तुझी,
धाकटी