बाहेरून कुलूप

२१ डिसें., रवि.
आलीच शेवटी. सुजूची निवडणूक ड्यूटी. महापालिकेचं मतदान १५ जाने.ला, म्हणजे १४ला सकाळी साहित्य घ्यायला हजर, रात्री केंद्रावरच मुक्काम, १५ला मशिनं जमा करून सुटतील तेव्हा सुटतील. तिच्या शाळेतल्या सगळ्याच शिक्षिकांना आलीय. सासू आजारी आहे म्हणून अर्ज करणार म्हणते. म्हटलं कर, पण तिकडच्या कारकुनाला वाटणार, विरारमधल्या समस्त सासवा एकदम आजारी पडल्या.
"तुला तर सुट्टी असेलच ना? मतदानाची?"
"हो, असणार."
किती बिनधास्त बोललो.

२३ डिसें., मंगळ.
वापी महाराष्ट्रात नाही. रोज पहाटे उठून तिकडे जातो, बोर्डी रोडनंतर स्टेशनांच्या पाट्या गुजराती होतात ते बघतो, आणि तरी हे डोक्यात आलं नाही. आज ऑफिसात विचारलं तर टाइमकीपर हसला. "दिनेशभाई, इधर किस का इलेक्शन?"
रजा टाकू म्हटलं तर त्याहून मोठा घोळ. १४-१५ला हसमुखभाईच्या जागी मी. आमचा करार जुना आहे. कारखाना बंद असला तरी सांडपाणी बंद होत नाही, प्लांटवर आमच्यापैकी एक सुपरवायझर लागतोच. उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीचे दोन दिवस, तो महेसाण्याला भावांबरोबर पतंग उडवणार, मी ड्यूटी करणार. गणपतीत मी गावी, तो ड्यूटी करणार. यंदाचे गणपती मी भोगून बसलोय. मोदक खाऊन झाले, आता कुठल्या तोंडाने नाही म्हणू? त्याचं तिकीट केव्हाच निघालंय. तिसरा माणूस होता, तो दिवाळीत सोडून गेला.
सुजूला सांगितलं.  तिने भांडी जोरात लावली.

२८ डिसें., रवि.
घरी. दुपारी चारला आईने दार वाजवलं. रोजचंच. आईचं माहेर खाडीपलीकडे, काठावर उभं राहून होडीवाल्याला हाक मारायची, ते आता परत सुरू झालंय. लुगड्याचा पदर खोचून दारापाशी येते, दोन्ही हातांनी थापा मारते आणि ओरडते, "होऽऽ, थांब रे, एक मानूस हाय!" पहिल्या महिन्यात मजल्यावरचे सगळे धावून आले होते. आता कोणी बघतही नाही. समोरच्या परबकाकू म्हणाल्या, "आमचं घड्याळच झालंय ते. त्यांनी दार वाजवलं की मी चहा ठेवते."
मागच्या वर्षी एकदा जिना उतरून चंदनसारच्या रस्त्यापर्यंत गेली होती. रिक्षावाल्याने आणून सोडली. तेव्हापासून बाहेरून कुलूप. सुजू सातला निघते, आईला सांभाळणारी लताबाई आठला येते. मधला एक तास. एक किल्ली सुजूकडे असते, एक लताबाईकडे. मी पहाटे निघतो, मला लागत नाही. तिसरी करून परबकाकूंकडे ठेव असं सुजू कधीची सांगतेय.

२ जाने., शुक्र.
साहेबांनी बोलावलं. वापीत कंपनीचं क्वार्टर रिकामं झालंय. दोन खोल्या, मागे अंगण, गेटपासून चालत. "आप लोकल हो जाओ तो अच्छा है." रात्री काही झालं की माणूस जवळ पाहिजे म्हणे. महिनाअखेरपर्यंत सांगा, नाहीतर दुसऱ्याला.
येताना गाडीत विचार करून डोकं शिणलं. मी तिकडे राहायला गेलो तर पहाटेचं उठणं गेलं, जेवायला दुपारी घरी येता येईल, आईकडे मधेच बघून जाता येईल. पण सुजूची नोकरी महाराष्ट्राच्या शिक्षण खात्याची, हद्दीपलीकडे बदली नाही. सोडली तर पेन्शनसकट सोडायची, तीही शेवटच्या सात-आठ वर्षांवर आलेली. मी इकडे यावं तर पन्नाशीच्या सुपरवायझरला वसईत कोण विचारतो? दोन ठिकाणी विचारून आलो. एकाने माझं वय ऐकून चहा पाजला, तेवढंच.
आणि आई. तिला इथला संडास सापडतो. तिकडे सापडेल का?
सुजू म्हणते, "निवडणूक होऊ दे, मग बोलू." बरं वाटलं मला. पुढे ढकलायला कोणीतरी निमित्त दिलं की मला बरंच वाटतं.

८ जाने., गुरु.
सुजूचा अर्ज फेटाळला. अपेक्षित.
लताबाईशी बोललो. १४ला दिवसभर थांबेल, रात्री मी असेनच. १५ला म्हणाली, "मत देऊन येते दादा, लय तर नऊ." पहाटे निघताना मी कुलूप लावायचं. म्हणजे चार-साडेचार तास आई एकटी. गॅस बंद करून ठेवायचा, न्याहारी उशाशी, थर्मासमध्ये चहा. जमेल.
सुजूला वाटतं जमणार नाही. "काकूंना सांग ना." परवा पाण्याच्या टाकीवरून परबांशी माझी बाचाबाची झालेली. सांगतो म्हटलं.

१४ जाने., बुध.
संक्रांत. वापीत आकाश भरून पतंग, रस्त्यात चिटपाखरू नाही. प्लांटवर मी आणि दोन हेल्पर. गच्च्यांवरून लाउडस्पीकर.
मी पहाटे निघालो तेव्हा सुजू पिशवी भरत होती. लताबाई आज ती निघायच्या आत येणार, म्हणून स्वतःची किल्ली माझ्या हातात दिली. "तिसरी केलीस?"
"उद्या."
घरी आल्यावर आईला तिळगूळ दिला. तिने चघळला, मग माझ्या तळहातावर परत ठेवला. "तू खा, लांब जायचंय तुला." कधीकधी एवढं नेमकं बोलते.
परबकाकूंना सांगायचं राहिलं. त्यांचं दार बंद होतं. बेल मारली नाही.

१७ जाने., शनि. (हॉस्पिटल)
दोन दिवस लिहिलं नाही. आता लिहितो, नाहीतर स्वतःशीच खोटं बोलायला लागेन.
गुरुवारी पहाटे निघालो तेव्हा आई झोपली होती. कुलूप लावलं. आठच्या आत वापीला पोचलो, मोबाइल गेटवर लॉकरमध्ये टाकला. प्लांटमध्ये नेता येत नाही. लताबाईचा फोन त्यानंतर आला. तिला मत दिल्या दिल्या कुणा पार्टीवाल्यांनी टेबलावर बसवलं, नावं शोधून चिठ्ठ्या द्यायला. दिवसाचा रोज आणि बिर्याणी. मला चार फोन केले, मग सुजूला केले. सुजूचा मतदान केंद्रात बंद. शेवटी लताबाईने स्वतःची समजूत काढली. काल रडत सांगत होती, "मला वाटलं सरकारी सुट्टीये, तुम्ही गेलाच नसाल दादा." तिला काय बोलणार? मलाही आधी तेच वाटलं होतं.
आई न्हाणीघराच्या उंबऱ्यात पडली. केव्हा, माहीत नाही. न्याहारीला हात लावलेला नव्हता.
परबकाकू म्हणाल्या, "दुपारी बाराच्या सुमाराला काहीतरी आपटल्यासारखं वाटलं, पण तुमच्या घरातून आवाज येतातच. मग चार वाजले. साडेचार झाले. दार काही वाजेना. मी चहा ठेवायची थांबले. म्हटलं, आज काय झालं? म्हणून दाराला कान लावला."
बिल्डिंगमधली पोरं मत देऊन आली होती, त्यांनी कुलूप तोडलं. आई शुद्धीवर होती. ओल्यात पडलेली, ओठ निळे. काकू म्हणतात, पहिलं वाक्य हे होतं, "दिनूला कळवू नका. कामावर हाय तो."
मला संध्याकाळी गेटवर कळलं. फोनवर एकोणीस मिस्ड कॉल. गाडीत वलसाडचा एक माणूस शेजारी तिळाची चिक्की खात होता, मलाही देत होता. मी घेतली. खाल्लीसुद्धा. का खाल्ली?

१९ जाने., सोम.
खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर तरुण आहे, बोलायला सरळ. "दिवसा यांच्याजवळ कोण असतं?"
मी म्हणालो, "बाई असते."
"आणि त्या दिवशी?"
सुजू खिडकीतून बाहेर बघत राहिली. तिने मला अजून एकदाही दोष दिलेला नाही. दिला असता तर भांडलो तरी असतो.
पुन्हा चालणं कठीण, म्हणाला.

२२ जाने., गुरु.
हसमुखभाई आला. वापीहून विरारला खास, ड्यूटी संपवून, उंधियूचा डबा घेऊन. आईच्या पायांना हात लावला. बाहेर बाकावर बसून म्हणाला, "भाई, मुझे एक फोन करता. मैं वापस आ जाता. पतंग क्या, हर साल है."
फोन करायचं माझ्या मनातही आलं नव्हतं. करार म्हणजे करार, अशी माझी ऐट. आणि आतल्या आत हेही होतं, की गणपतीतल्या रजा पुढच्या वर्षीही लागणार आहेत.
"गणपति में तुम आराम से जाना," म्हणाला. मला राग आला, मग रडू आलं. त्याने नुसता पाठीवर हात ठेवला. उंधियू लताबाईने खाल्लं.

२५ जाने., रवि.
आई घरी. पलंग हॉलमध्ये. चार वाजले, पाच वाजले. आवाज नाही.
परबकाकू डबा घेऊन आल्या. "घर कसं सुनं सुनं वाटतंय," म्हणाल्या आणि लगेच जीभ चावली.
तिसरी किल्ली आज केली. स्टेशनजवळच्या किल्लीवाल्याला पाच मिनिटं लागली.

२७ जाने., मंगळ.
भांडण झालंच एकदाचं. सुजू म्हणाली, "मी सोडते नोकरी. चला वापीला."
मी नको म्हणालो. ती म्हणाली, "मग तू एकटा तिकडे राहा, रविवारी येत जा. दोन चुली मांडू."
त्यालाही नको म्हणालो.
"मग तुला हवंय तरी काय, दिनेश? सगळं आहे तसंच? आहे तसं कुठे राहिलंय आता?"
मुलीचा पुण्याहून व्हिडिओ कॉल आला म्हणून थांबलो. दोघेही हसून बोललो तिच्याशी.

३१ जाने., शनि. (मेमू गाडीत)
रजा संपल्या. साहेबांना क्वार्टरचं आज बारापर्यंत सांगायचंय, आमचं काहीच ठरलेलं नाही.
सुजूची शनिवारी सकाळची शाळा, साडेसहालाच गेली. मी उशिराच्या गाडीला निघणार होतो. लताबाई वाटेत होती, काकूंकडे किल्ली. आईचं सगळं आवरलं, पाणी हाताशी ठेवलं. बाहेर आलो, दार ओढलं, खिशातून कुलूप काढून लावलं. किल्ली फिरवल्यावर डोक्यात आलं. तिला कुशीवर वळता येत नाही. कुलूप कोणासाठी लावतोय मी?
काढावं म्हणून हात पुढे केला आणि आतून आवाज आला. थापा नाहीत, नुसता आवाज, बारीक, पलंगावरूनच.
"होऽऽ, थांब रे. एक मानूस हाय."
इतक्या दिवसांनी. समोर काकूंचं दार उघडलं, त्या हातात गाळणी घेऊन उभ्या राहिल्या. 
कुलूप काढलं की तसंच ठेवलं, खरंच आठवत नाही. गाडी चुकली असती. आत्ता बोर्डी रोड गेलं.