मशीन खेळणाऱ्या बाईची बुद्धी शाबूत आहे

मी, राहीबाई राजाराम होवाळ, वय वर्षे पासष्ट, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार विश्रामबाग, सांगली, हे मृत्युपत्र आज स्वतःच्या हाताने, दिवसाउजेडी, चष्मा लावून आणि सकाळचा चहा घेऊन झाल्यावर लिहीत आहे. मला कोणी धमकावलेले नाही, फूस लावलेली नाही. तसा प्रयत्न झाला, पण तो मृत्युपत्र होऊ नये म्हणून झाला. त्याची हकीकत पुढे दिली आहे.

माझी बुद्धी शाबूत आहे. इतर माणसे हे वाक्य एकदा लिहून पुढे सरकतात. मला त्यावर थांबावे लागत आहे, कारण माझा मुलगा धम्मपाल गेल्या उन्हाळ्यापासून सगळ्या भावकीत सांगत सुटला आहे की आईच्या डोक्यावर परिणाम झाला. पुरावा काय, तर आई व्हिडिओ गेम खेळते. आयुष्यभर पोरांना शिकवले तेव्हा माझे डोके ठीक होते, याच धम्मपालला डिप्लोमाला घातले तेव्हाही ठीक होते. हातात एक दांडा धरून तो डावीउजवीकडे हलवला, की लगेच बिघडले.

कलम १. माझे पती राजाराम हे कराड डेपोत एस.टी. चालक होते. ते हयात नाहीत. मला दोन मुले. थोरला धम्मपाल शिरवळला कारखान्यात सुपरवायझर आहे. त्याची पत्नी क्रांती. धाकटी प्रियदर्शनी, वय छत्तीस, अविवाहित, माझ्याजवळ राहते. तिने रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचा कोर्स केला आहे. नोकरीसाठी पुष्कळ उंबरे झिजवून झाल्यावर तिने आमच्या पुढच्या खोलीत व्हिडिओ गेमचे पार्लर टाकले. दोन जुनी मशिने पुण्याहून टेंपोत घालून आणली आणि स्वतः उघडून दुरुस्त केली.

कलम २. विश्रामबागेतील राहते घर हे माझ्या फंडातून बांधलेले, माझ्या स्वकष्टाचे आहे. त्याच्या विटांवर मी शाळेतून आल्यावर पाणी मारलेले आहे. हे घर, पुढची खोली आणि दोन्ही मशिने माझ्या पश्चात प्रियदर्शनीची. धम्मपालचा त्यावर कसलाही हक्क राहणार नाही.

याचे कारण लिहिणे कायद्याने जरुरीचे नाही, पण मी लिहिणार. धम्मपालला घर विकायचे आहे. मी शिरवळला त्याच्या ब्लॉकमध्ये जाऊन बसायचे आणि प्रियदर्शनीने कुठेतरी भाड्याची खोली बघायची. "तायडे, तुझं काय, आज ना उद्या लग्न हुईल की," असे तो तिला म्हणाला. ती त्या वेळी खाली बसून मशीनच्या वायरीला डाग देत होती. तिने मान वर केली नाही. तिचे उत्तर मी हे असे, कलम घालून देत आहे.

कलम ३. आता मशीनबद्दल. मोठ्या मशीनवर 'आयर्न हाउल' असे टोकदार इंग्रजी अक्षरांत लिहिले आहे. आत एक लोखंडाचा मुलूख आहे. डोंगर इंजिनांचे, झाडांना पानांच्या जागी खिळे, नदीतून वितळलेले लोखंड वाहते, आणि कवटीच्या तोंडाचा राजा उंच गढीत बसलेला. त्याने रयतेच्या तोंडांवर पत्रे ठोकले आहेत. वाजवायचे ते फक्त त्याच्या हुकमाने. एक लांब केसांचा गडी, ज्याला कॉलेजची पोरे झिपऱ्या म्हणतात, कुऱ्हाडीसारखी गिटार घेऊन निघतो. गिटार कर्कश वाजते, मागे ढोल कडाडतात आणि त्या आवाजाने गढीचे दरवाजे फुटतात. या संगीताला हेवी मेटल म्हणतात, असे पोरांनी मला सांगितले. राजाला मी मनातल्या मनात आमच्या गावच्या पाटलाचे नाव ठेवले आहे. ते इथे लिहीत नाही, नाहीतर त्यांचे वारस कोर्टात जातील.

पहिल्या दिवशी मी आवाज कमी करा म्हणून सांगायला पुढच्या खोलीत गेले होते. ढोल ऐकले आणि तिथेच उभी राहिले.

माझे वडील ज्ञानू कराडजवळच्या आमच्या गावी दवंडी द्यायचे. गळ्यात डफ, तोंडात पाटलाचा हुकूम, स्वतःचा एक शब्द नाही. छप्पन साली आम्ही धम्म स्वीकारला आणि त्यांनी डफ चुलीत घातला. बरोबर केले. पण पुढे किती वर्षे बसल्या बसल्या त्यांची बोटे खाटेच्या कडेवर वाजत असायची, आणि आई म्हणायची, आता बास करा. मला तेव्हा कळले नाही. आता कळते, की त्यांना वाजवायचे होतेच, फक्त पाटलासाठी नाही. झिपऱ्याला कोणी हुकूम देत नाही. तो स्वतःसाठी वाजवतो आणि दरवाजा फुटतो. हे बघताना माझ्या डोळ्यांत पाणी येते, आणि मग मी मरते, म्हणजे खेळात मरते, आणि पुन्हा सुरू करते. यात वेड काय आहे ते मला दाखवून द्यावे.

कलम ४. शेजारी सुभेदार बाळासो माने यांची दुपारची झोप या मशीनने सगळ्यांत जास्त मोडली. त्यांनी भांडण केले, कुंपणावरून ओरडले, पण मला वेडी एकदाही म्हटले नाही. सबब दुपारी दोन ते चार मशीन बंद ठेवावे, ही अट प्रियदर्शनीवर त्यांच्या हयातीपर्यंत बंधनकारक राहील.

कलम ५. माझा स्टीलचा कप मी ज्या पहिल्या शाळेत नोकरीला लागले त्या शाळेला द्यावा. तिथे इतर शिक्षकांचे कप कपाटात असायचे आणि माझा खिडकीत, बाहेरच्या बाजूला. हा कप कपाटात ठेवावा. बाकी काही म्हणणे नाही.

कलम ६. धम्मपालची करणी. आधी त्याने मला चष्म्याचा नंबर काढायला म्हणून मिरजेला नेले आणि डोक्याच्या डॉक्टरसमोर बसवले. डॉक्टरांनी तारीख विचारली, वजाबाक्या करायला लावल्या, मग खेळात नक्की काय करता ते विचारले. मी सगळा मुलूख सांगितला. डॉक्टर म्हणाले, बाईंना काहीही झालेले नाही. परतीच्या वाटेत धम्मपालने मला उसाचा रस पाजला. मला वाटले, शरमला असेल.

तो शरमला नव्हता. मागच्या महिन्यात मी पेन्शन आणायला बँकेत गेले असताना त्याने घरी एक देवऋषी आणला. मी लगेच परतले, कारण क्रांतीने शिरवळहून सुभेदारांच्या घरी फोन करून निरोप दिला होता आणि सुभेदार तो सांगायला बँकेत आले होते. (हे धम्मपालला हा मजकूर ऐकताना कळेल.) पुढच्या खोलीत येऊन बघते तर मशीनला हळदकुंकू, समोर लिंबू, बिबा आणि काळी बाहुली. कवटीचा राजा आईच्या अंगात शिरला, असे त्या गृहस्थाला सांगण्यात आले होते.

धम्मपाल विहाराच्या कमिटीत खजिनदार आहे. दर पौर्णिमेला पांढरा सदरा घालून बावीस प्रतिज्ञा म्हणतो. ज्या घरातून देवऋषी आणि अंगारे आम्ही जन्माचे बाहेर काढले, त्या घरात तो लिंबू घेऊन आला. तो म्हणाला, "आई, त्यात वाईट काय हाय? नुसता उतारा हाय."

मी म्हणाले, "धम्मा, मशीनमधी भूत न्हाई. भूत तू गाडीत घालून आणलंस."

देवऋषीबद्दल माझी तक्रार नाही. त्याला खेळ बघायचा होता. तो दोन डाव खेळला, दुसऱ्या दरवाजापर्यंत पोचला आणि बाहुली पिशवीत घालून निघून गेला.

धम्मपाल मात्र संतापला. "तू काय बी लिहून ठेव," तो म्हणाला, "तुझ्या मागं मी कोर्टात दावीन की तू वेडी हुतीस." म्हणजे मी डोळे मिटल्यावर तो माझ्या नावावर वेड लावणार आणि बहिणीला रस्त्यावर काढणार. म्हणून हे मृत्युपत्र दोन ओळींचे न करता एवढे लांब केले आहे. वेड्या बाईला इतके कलमवार रागावता येत नाही.

कलम ७. माझ्या सोन्याच्या पाटल्या क्रांतीला. पोस्टात जे असेल ते दोन्ही मुलांना निम्मे निम्मे. माझ्या वडिलांचा फोटो धम्मपालला. तो त्याने ब्लॉकच्या बैठकीत लावावा, माळ्यावर टाकू नये.

कलम ८. माझा अंत्यविधी त्रिशरण-पंचशील घेऊन करावा. पुण्यानुमोदनाच्या दिवशी पार्लर बंद ठेवू नये. कॉलेजची पोरे लांबून येतात.

इथपर्यंत मजकूर काल लिहून झाला. आज धम्मपालला बोलावून सगळा मोठ्याने वाचून दाखवला. मग त्याला सांगितले की पहिला साक्षीदार तू हो. आई वेडी असेल तर मी जिवंत असताना, सुभेदारांसमोर तसे लिही. नसेल तर सही कर. त्याने कागद ओढून घेतला आणि कलम दोन पुन्हा वाचले.

"सही केली तर घर गेलं," तो म्हणाला.

"व्हय."

"आन न्हाई केली तर?"

"तर आई गेली."

प्रियदर्शनी दारात उभी होती. तिने त्याला पेन दिले.

लिहून देणार: राहीबाई राजाराम होवाळ (सही)

साक्षीदार दुसरे: बाळासो माने, सुभेदार, निवृत्त. सर्व सह्या माझ्यासमक्ष झाल्या. बाई पूर्ण शुद्धीवर असून आवाज खणखणीत आहे. (सही)

साक्षीदार पहिले: मी, धम्मपाल राजाराम होवाळ, राहणार शिरवळ. लिहून देणार ही माझी आई असून तिची बुद्धी शाबूत आहे. हे मी कोर्टात वा अन्यत्र नाकारणार नाही. घरावर माझा हक्क नाही, हे मला समजले. आईवर आहे, असे धरून सही करतो. (सही)

स्थळ: विश्रामबाग, सांगली
दिनांक: ९ नोव्हेंबर १९९७, रविवार